आरपीजीसाठी पीसी घेताय? आधी गेम ठरवा, मग कॅबिनेट

माझ्या भावाच्या मुलाने गेल्या दिवाळीत मला पीसीच्या पार्ट्सची यादी पाठवली आणि खाली लिहिलं, "आत्या, बघ ना एकदा." यादीत प्रोसेसर सगळ्यात वरचा, ग्राफिक्स कार्ड महागडं, कॅबिनेट काचेचं आणि आत रंगीत दिवे. उरलेल्या पैशांत बसवलेला कुठल्याशा अनोळखी कंपनीचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग), ५१२ जीबीची एसएसडी (गेम साठवायची वेगवान डिस्क) आणि घरातला जुना मॉनिटर. त्याला खेळायचा होता 'बाल्डर्स गेट ३'. हा गेम एकटाच १५० जीबी जागा मागतो, त्यातली लढाई पाळीपाळीने चालते, आणि शंभर-सव्वाशे तास तुम्ही स्क्रीनवरचे संवाद वाचत बसता. म्हणजे ज्या तीन गोष्टींशी त्याचा रोज संबंध येणार होता, नेमक्या त्याच तीन गोष्टींवर त्याने काटकसर केली होती.

आम्ही बसून यादी पुन्हा केली, त्याच रकमेत. त्याला जे सांगितलं तेच इथे क्रमाने लिहिते आहे. मी गेली पंधरा-सोळा वर्षं रोल-प्लेइंग गेम म्हणजे आरपीजी खेळते आणि स्वतःचे, नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे पीसी जोडते. हा माझा छंद आहे, धंदा नाही. त्यामुळे यात मतं भरपूर आहेत.

पायरी १ : नवीन काही न घेता सुरुवात करा

आरपीजीमध्ये तुम्ही एक पात्र घेता, त्याच्या वतीने निर्णय करता, आणि त्या निर्णयांचे परिणाम भोगता. याची मुळं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या १९७४ साली अमेरिकेत आलेल्या टेबलावरच्या खेळात आहेत. कागद, पेन्सिल आणि फासे. आपल्याकडे सारीपाटात दान पडतं तसंच तिथे वीस बाजूंच्या फाशावर दान पडतं, आणि कुलूप उघडलं की नाही, पहारेकऱ्याला पटवता आलं की नाही, हे त्यावर ठरतं. कॉम्प्युटरवरच्या आरपीजीमध्ये हा फासा कधी डोळ्यांसमोर फिरतो, कधी आकड्यांच्या मागे लपलेला असतो.

हा प्रकार आपल्याला रुचतो का, हे कळण्यासाठी लाखभर रुपये घालवायची गरज नाही. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या साध्या लॅपटॉपवर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतानाही चालणारे उत्तम आरपीजी आहेत. १९९८चा पहिला 'बाल्डर्स गेट' आणि १९९९चा 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' हे दोन्ही आजच्या विंडोजवर नीट चालतील अशा सुधारित आवृत्त्यांत मिळतात. २०१५चा 'अंडरटेल' तर जवळपास कशावरही चालतो. गेल्या काही वर्षांतला लॅपटॉप असेल तर सेटिंग खाली ठेवून २०११चा 'स्कायरिम'ही चालेल. आणि २०१९चा 'डिस्को एलिझियम' घ्याच. त्यात तलवार उपसायची नाही. एका पडझड झालेल्या बंदर-शहरात खुनाचा तपास करणारा, स्वतःचं नावसुद्धा विसरलेला पोलीस अधिकारी तुम्ही आहात, आणि सगळा खेळ बोलण्यातून चालतो. दहा लाखांहून अधिक शब्द आहेत त्यात. मला विचाराल तर आरपीजी कुठवर जाऊ शकतो हे या गेमने जितकं दाखवलं तितकं क्वचितच कुणी दाखवलं असेल.

यातला एखादा महिनाभर खेळा आणि स्वतःकडे लक्ष द्या. संवादात रमलात की लढाईत? लढाई थांबवून विचार करायला आवडलं, की हात चालवायला? पाळीपाळीची लढाई आणि चार-पाच सोबत्यांचा चमू आवडला तर पुढचा रस्ता 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २' आणि 'बाल्डर्स गेट ३' यांच्याकडे जातो. घोड्यावर बसून गावोगाव फिरावंसं वाटलं तर 'द विचर ३'. हाताचा वेग आणि चिकाटी दोन्ही असेल तर 'एल्डन रिंग'. पीसीला काय लागणार हे या उत्तरावर ठरतं, म्हणून ही पायरी टाळू नका.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. यातल्या एकाही मोठ्या गेममध्ये मराठीचा पर्याय नाही, आणि इंग्रजी भरपूर वाचावं लागतं, तेही काही ठिकाणी जुन्या वळणाचं. मी मराठी माध्यमात शिकले. सुरुवातीला प्रत्येक संवादाला दोनदा थांबायचे. ज्या गेममध्ये संवाद तुम्ही बटण दाबल्याशिवाय पुढे सरकत नाही, असा गेम पहिला निवडा. 'डिस्को एलिझियम' आणि 'प्लेनस्केप' दोन्ही असेच आहेत. सबटायटल चालू ठेवा, अक्षरं मोठी करता येत असतील तर करा. वर्षभरात माझं इंग्रजी वाचन जितकं सुधारलं तितकं कुठल्या क्लासने सुधारलं नव्हतं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी: ॲन एन्शंट एपिक' काढला तेव्हा मला फार आनंद झाला होता. तो आरपीजी नाही, पण आपल्या पुराणकथांतली दुनिया आपल्याच माणसांनी उभी केली होती. कधीतरी मराठीत बोलणारा आरपीजी खेळायला मिळावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

पायरी २ : गेमची मागणी नीट वाचा

प्रत्येक गेमच्या विक्रीच्या पानावर दोन याद्या असतात, 'मिनिमम' आणि 'रेकमेंडेड'. 'बाल्डर्स गेट ३'चंच उदाहरण घेऊ. मिनिममच्या यादीत जीटीएक्स ९७० किंवा आरएक्स ४८० कार्ड आणि ८ जीबी रॅम आहे. रेकमेंडेडमध्ये आरटीएक्स २०६० सुपर किंवा आरएक्स ५७०० एक्सटी, १६ जीबी रॅम, आणि प्रोसेसर रायझन ५ ३६०० किंवा कोअर आय७ ८७००के. दोन्हीकडे एसएसडी हवीच.

या याद्या वाचताना बघायचं ते हे की कंपनीने सोबत रिझोल्युशन (पडद्यावर किती ठिपके) आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) सांगितला आहे का. 'सायबरपंक २०७७'च्या सुधारित यादीत ते स्पष्ट आहे: मिनिमम म्हणजे १०८०पी (१९२०×१०८० ठिपके), लो सेटिंग, सेकंदाला ३० फ्रेम. रेकमेंडेड म्हणजे १०८०पी, हाय सेटिंग, ६० फ्रेम. असं लिहिलेलं नसेल तर मिनिमम म्हणजे 'गेम उघडेल आणि कसाबसा खेळता येईल' असंच धरा, आणि रेकमेंडेडला आपली खालची पातळी माना.

तुमच्याकडे आत्ता काय आहे हे माहीत नसेल तर कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स भागात प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स यांची नावं दिसतील. ती कागदावर लिहून घ्या. दुकानात "आय५ आहे" एवढं सांगून काहीच कळत नाही, कारण २०१२चा आय५ आणि २०२२चा आय५ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि आपल्याकडे अख्ख्या कॅबिनेटलाच 'सीपीयू' म्हणायची पद्धत आहे. दुकानदार सीपीयू म्हणाला तर त्याला डबा म्हणायचाय की आतली चिप, ते विचारून घ्या.

पायरी ३ : पैसे कुठे घालायचे

रुपये आठवड्याला बदलतात, म्हणून रकमा देत नाही, क्रम देते.

ग्राफिक्स कार्डावर सगळ्यात जास्त खर्च होणार, एकूण रकमेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक. कार्ड निवडताना नवे लोक फक्त नाव बघतात. त्याच्या बरोबरीने बघा ती कार्डवरची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅम. भिंतीवरचा दगड, अंगरख्याची वीण, चेहऱ्यावरची सुरकुती ही सगळी चित्रं, ज्यांना टेक्स्चर म्हणतात, व्हीरॅममध्ये राहतात. जागा पुरली तर टेक्स्चर सेटिंग वर नेलं तरी फ्रेम रेट फारसा घटत नाही. जागा संपली की मात्र गेम अडखळतो, किंवा दगड चिखलासारखे दिसू लागतात. आरपीजीमध्ये आपण थांबून बघतो, म्हणून हे जास्त टोचतं. १०८०पीसाठी ८ जीबी आज चालून जातं. पण चार-पाच वर्षं कार्ड वापरायचं असेल तर माझा आग्रह १२ किंवा १६ जीबीचा आहे.

इथे एक सापळा आहे. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं एकाच नावाने ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत विकली जातात. जुन्या आरटीएक्स ३०६०चंही तसंच, १२ जीबीचं वेगळं, ८ जीबीचं वेगळं. बिलावर आकडा लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्डही चांगलं आहे, मात्र त्यासाठी मदरबोर्डमध्ये (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) 'रिसाइझेबल बार' नावाची सोय असावी आणि ती चालू असावी लागते. जुन्या पीसीत फक्त कार्ड बदलणार असाल तर ते आधी तपासा.

प्रोसेसरच्या बाबतीत सहा कोरचा (कोर म्हणजे आतले हिशेब करणारे भाग) आधुनिक प्रोसेसर आरपीजीला पुरतो. फक्त गर्दीची शहरं त्याची परीक्षा घेतात. 'बाल्डर्स गेट ३'चे पहिले दोन अंक लोण्यासारखे चालतात, आणि तिसऱ्या अंकात शहरात पाऊल टाकलं की फ्रेम रेट खाली येतो. लोकांना वाटतं कार्ड कमी पडलं. खरं तर शेकडो माणसांच्या हालचालींचा हिशेब प्रोसेसर करत असतो, आणि कार्ड त्याची वाट बघत बसतं. 'विचर ३'मधल्या नोव्हिग्राड शहरातही हाच अनुभव येतो. अशा जागी प्रोसेसरच्या आतली कॅश मेमरी कामाला येते. एएमडीच्या २०२२च्या रायझन ७ ५८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी कॅश होती, साध्या ५८००एक्समध्ये ३२. नावात 'एक्स३डी' असलेले प्रोसेसर गेमसाठी नावाजले जातात ते याच कारणाने. पहिल्याच पीसीत तो घ्यायला हवा असं नाही. रायझन ५ ७६०० किंवा त्या दर्जाचा इंटेल घ्या आणि उरलेले पैसे मॉनिटरकडे वळवा. एएमडीचं एएम५ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) घेतलंत तर पुढे मदरबोर्ड न बदलता वरचा प्रोसेसर बसवण्याची वाट मोकळी राहते.

सेकंड हँडमध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे वरचे डेस्कटॉप प्रोसेसर स्वस्तात दिसले तर जरा थांबा. जास्त व्होल्टेजमुळे त्यातले काही कालांतराने अस्थिर होत होते. इंटेलने २०२४ साली मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण दुरुस्तीआधी झालेली झीज भरून निघत नाही. वॉरंटी शिल्लक असल्याचा कागद असेल तरच घ्या, आणि बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा.

रॅम १६ जीबी पुरते, ३२ असेल तर निवांत. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपलं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवलं. अशा काळात १६ जीबीच घेऊन पुढे वाढवणं शहाणपणाचं. मात्र १६ची एक पट्टी न घेता ८-८च्या दोन घ्या. दोन पट्ट्यांनी मेमरीचा रस्ता दुपदरी होतो, आणि गेममध्ये फरक दिसतो, विशेषतः वेगळं कार्ड नसेल तेव्हा.

एसएसडी १ टीबीची, एनव्हीएमई प्रकारची, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी. जुनी हार्ड डिस्क फोटो आणि सिनेमांसाठी ठेवा. 'स्टारफील्ड', 'सायबरपंक' यांनी तर एसएसडी अनिवार्यच केली आहे. पण सगळ्यात वेगवान, सगळ्यात महाग एसएसडी घेऊ नका. दाराआडची खोली दोन सेकंदांत उघडली काय आणि दीड सेकंदात उघडली काय, हातात घड्याळ नसेल तर कळणारही नाही.

एसएमपीएस आणि अर्थिंग

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात मी पैसे गमावले आहेत.

जळगावला असताना माझ्या पहिल्या पीसीत दुकानदाराने कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस बसवून दिला होता. वर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट लिहिलेलं. एका दुपारी लोडशेडिंग संपून वीज परत आली, पंखा दोनदा जोरात फिरला, जळका वास आला. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. फुकटची वस्तू सगळ्यात महाग पडली.

नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) किंवा वरच्या प्रतीचा, पाच वर्षं तरी वॉरंटी असलेला एसएमपीएस घ्या. मधल्या कार्डाला ५५० ते ६५० वॅट पुरतात. यादीतून काहीही कापा, हे कापू नका.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. कॅबिनेटला हात लावल्यावर बोटांना मुंग्या येतात का? पायात चप्पल नसताना जास्त? याचा अर्थ बहुधा तुमच्या प्लगला अर्थिंगच मिळत नाहीये. एसएमपीएसच्या आत फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे छोटे कपॅसिटर असतात. विजेतली खरखर ते जमिनीकडे वाहून नेतात. अर्थची तारच तुटलेली असेल तर कॅबिनेटचा पत्रा अधांतरी, साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५च्या आसपास राहतो. करंट अगदी कमी असतो म्हणून फक्त मुंग्या येतात. पण खरोखर बिघाड झाला तर वाचवायला काहीच नसतं. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या पिनमागे तारच नसते, हे मी स्वतः कितीतरी घरांत बघितलंय. इलेक्ट्रिशियनला बोलवा, मल्टिमीटरने मोजायला सांगा: फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून काम भागवू नका.

वीज जाते अशा गावात यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, तेव्हा मधल्या पीसीला १००० व्हीएचा घ्या. तो खेळत राहण्यासाठी नाही. सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटं देतो, तेवढी पुरेत.

मॉनिटर

आरपीजी खेळणाऱ्याने २४० हर्ट्झच्या (पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा) मागे धावू नये. 'एल्डन रिंग' तर ६० फ्रेमवरच थांबवलेला आहे. मूळ 'स्कायरिम' ६०च्या वर नेला तर त्यातलं पदार्थविज्ञान बिघडतं, आणि टेबलावरची भांडी आपोआप उडायला लागतात. १०० ते १६५ हर्ट्झमधला कुठलाही आयपीएस पॅनल घ्या. रंग खरे दिसतील, बाजूने बघणाऱ्या घरच्यांनाही नीट दिसेल. कार्ड १६ जीबीचं घेतलं असेल तर २७ इंची १४४०पी (२५६०×१४४० ठिपके) मॉनिटरसारखं सुख नाही. अक्षरं रेखीव दिसतात, आणि आरपीजीत रोजचं काम वाचण्याचंच आहे. अंधाऱ्या गुहा-तळघरांचे गेम आवडत असतील तर व्हीए पॅनलचा काळा रंग जास्त गडद असतो, हेही ध्यानात ठेवा. मी दोन्ही वापरले, वाचण्यासाठी आयपीएसवर परत आले.

पायरी ४ : बाजारात

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्लीचा परिसर. ज्यांना शक्य आहे त्यांनी एकदा तरी पायी हिंडून यावं. तीन दुकानांत तीच यादी द्या आणि जीएसटीसह शेवटची रक्कम लिहून मागा. कॉम्प्युटर पार्ट्सवर १८ टक्के जीएसटी आहे. "बिल नको असेल तर कमी करतो" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून पुढे जा. कच्च्या बिलावर वॉरंटीला काही आधार राहत नाही. पक्क्या बिलावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि तिथेच खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा. कार्डाला भारतातल्या वितरकाची वॉरंटी आहे ना, हे विचारा. परदेशातून परस्पर आणलेल्या मालाला ती मिळेलच असं नाही.

सेकंड हँड कार्ड घ्यायला हरकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर होणारं इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग बंद झालं तेव्हा जगभर वापरलेल्या कार्डांचा पूर आला, त्यातली काही अजून फिरताहेत. अशा कार्डाचे पंखे आणि आतले थर्मल पॅड (चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या पट्ट्या) झिजलेले असू शकतात. विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास एखादा जड गेम चालवून बघा, तापमान आणि पंख्याचा आवाज दोन्ही तपासा. तो तयार नसेल तर सौदा सोडा.

लॅपटॉपच घ्यायचा असेल तर कार्डाच्या नावापुढचे वॅट विचारा. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कसंही बसवलेलं असतं. नाव तेच, वेग वेगळा. बहुतेक विक्रेत्यांना हा आकडा तोंडपाठ नसतो, कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावा लागतो.

पायरी ५ : जोडणी

दुकानदाराकडून जोडून घेतलात तरी चालेल. स्वतः जोडणार असाल तर नव्यांच्या हातून होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. प्रोसेसरच्या कूलरखालची पारदर्शक फिल्म काढायची राहते. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिनांची वीज जोडायची राहते, आणि पीसी चालूच होत नाही. दोन रॅम पट्ट्या शेजारी-शेजारी खोवल्या जातात. चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. आणि सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावणं. ती खाली, आडव्या बसलेल्या ग्राफिक्स कार्डाला लावायची, नाहीतर एवढं महागडं कार्ड रिकामं बसून राहतं.

विंडोज आल्यावर दोन कामं. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगावर धावते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने वाढवा, कारण १४४ हर्ट्झचा मॉनिटर बऱ्याचदा ६०वरच अडकलेला असतो.

उन्हाळ्याबद्दल. जळगावात मे महिन्यात खोलीत ४० अंश असतात तेव्हा २५ अंशांच्या खोलीत मोजलेले आकडे विसरायचे. खोली पंधरा अंशांनी गरम असेल तर आतली चिपही जवळपास तेवढीच जास्त तापते. मी मार्च ते जून फ्रेम रेट ६०वर बांधून ठेवते आणि कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणते. दिसण्यात फरक जवळपास कळत नाही, आवाज आणि तापमान दोन्ही उतरतं. पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर घेऊ नका, ती ओली हवा आणि त्यातले क्षार आत जाऊन बसतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याभर पीसी रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा. आतली ऊबच दमटपणा घालवते.

पायरी ६ : गेम विकत घेणं आणि सेटिंग

स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात गेम रुपयांत मिळतात आणि उन्हाळी, हिवाळी सेलमध्ये जुने आरपीजी अगदी कमी भावात येतात. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातले गेम कॉपी रोखणाऱ्या कुठल्याही कुलपाशिवाय येतात, इन्स्टॉलर स्वतःच्या डिस्कवर जपून ठेवता येतो. जुन्या गेमसाठी मी जीओजीच बघते. २०१०चा 'फॉलआउट: न्यू वेगस' जास्त मेमरी वापरू शकावा म्हणून लागणारी दुरुस्ती तिथल्या प्रतीत आधीच केलेली असते.

स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत, आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत मिळतात. आरपीजीत हे दोन तास फसवे आहेत. पात्राचं नाक-डोळे ठरवण्यातच एक तास निघून जातो. गेम आपल्या पीसीवर चालेल का अशी शंका असेल तर पहिल्यांदा तयार पात्र घेऊन थेट आत जा, अर्धा तास खेळा, फ्रेम रेट बघा. समाधान झालं की मग नव्याने सुरुवात करून हवा तेवढा वेळ चेहरा घडवा. १५० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरवायला साडेतीन तासांच्या आसपास लागतात. रात्री लावून झोपा.

सेटिंगमध्ये सगळं 'अल्ट्रा' करू नका. सावल्या आणि धुक्याचे परिणाम आधी एक पायरी खाली आणा, तिथे सगळ्यात जास्त वाचतं. टेक्स्चर व्हीरॅम पुरेल तितकं वर ठेवा. 'सायबरपंक'मध्ये गर्दीची घनता कमी केली की प्रोसेसरला श्वास मिळतो. त्यानंतरही कमी पडलं तर डीएलएसएस, एफएसआर किंवा एक्सईएसएस यांचा 'क्वालिटी' पर्याय लावा. कमी रिझोल्युशनवर चित्र काढून ते मोठं करण्याची ही युक्ती आता इतकी सुधारली आहे की मी ती बिनदिक्कत वापरते. मधल्या फ्रेम तयार करून घुसवणारं फ्रेम जनरेशन मात्र वेगळं. त्याने बटण दाबण्यात आणि हालचाल दिसण्यात उशीर वाढतो. पाळीपाळीच्या गेममध्ये तो जाणवत नाही, 'एल्डन रिंग'सारख्या हातघाईच्या गेममध्ये प्रत्येक चुकलेल्या कोलांटीला जाणवेल.

पायरी ७ : पहिले दहा तास

एफ५ दाबून झटपट सेव्ह होतो, 'बाल्डर्स गेट ३'मध्येही आणि 'स्कायरिम'मध्येही. पण एकाच सेव्हवर विसंबू नका. दर तासाला नाव देऊन वेगळा सेव्ह करा. कुठल्या तरी दाराआड अडकलात आणि शेवटचा सेव्ह त्या दाराआडचाच निघाला, तर वीस तासांचं काम वाया जातं.

अवघडपणाची पातळी सोपी ठेवायला लाजू नका. आणि दान वाईट पडलं म्हणून लगेच मागचा सेव्ह उघडू नका. माझ्या 'बाल्डर्स गेट ३'च्या पहिल्या फेरीत पटवण्याचं एक दान चुकलं आणि ज्यांच्याशी मैत्री करायची होती त्यांच्याशीच लढाई झाली. मी ती तशीच राहू दिली. पुढचे कित्येक तास गोष्ट त्या चुकीभोवती फिरत राहिली, आणि आजही त्या खेळातलं मला सगळ्यात आधी तेच आठवतं.

शेजारी वही ठेवा. कुणाला काय शब्द दिला, कुठलं कुलूप उघडलं नाही, कुठल्या गावात कोण भेटलं, एका-एका ओळीत. चार दिवस कामात गेले की पुन्हा बसताना ती वहीच तुम्हाला आत नेते. भावाच्या मुलाने सुरुवातीला वहीला नकार दिला होता. परवा त्याने फोटो पाठवला: शाळेची दोनशे पानी वही, पहिल्या पानावर सोबत्यांची नावं, आणि त्यातल्या एकापुढे लाल पेनने लिहिलेलं, "हिच्यावर विश्वास ठेवायचा नाही."